नुसत्या आकड्यांचा पत्ता

कामोठे, ३ मे

प्रति,
श्री. विलास जोंधळे सर,
भीमनगर, गंगाखेड.

विषय : तुम्ही मला फोनवर ब्लॉक केल्याबाबत.

पप्पा, जय भीम.

आपल्या घरात तोंडी काही चालत नाही, म्हणून लेखी देते. सहावीत मला सायकल हवी होती तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्ज कर." मी अर्ज केला. तुम्ही लाल पेनानं 'मंजूर' लिहून खाली सही ठोकलीत. साऱ्या गल्लीला याचं कौतुक होतं, जोंधळे सरांच्या घरी पोरीसुद्धा अर्ज करतात म्हणून. मलाही होतं. आता कौतुक संपलंय, पण सवय काही जात नाही.

माझा फोन तुम्ही घेत नाही आणि आईचा फोन तुमच्याच खिशात असतो. तेव्हा मुद्द्यावर येते.

कॉलेजनं नव्या ॲडमिशनसाठी एक व्हिडिओ केला, 'आमचं शहर आम्हाला का आवडतं'. प्रत्येकानं एखाददुसरं वाक्य बोलायचं होतं. माझी रूममेट ईश्वरी, ती चिपळूणची, खारघरच्या टेकडीबद्दल बोलली. कुणी पाम बीच रोडबद्दल, कुणी बेलापूरच्या मोमोजबद्दल. कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा मी म्हणाले, "मला इथले सेक्टर आवडतात. पत्त्यात नुसते आकडे असतात. पत्त्यावरून माणूस कळत नाही." झालं. पुढच्या मुलानं वडापाव म्हटलं.

यात तुमचं नाव आहे? भीमनगरचं आहे? नाही. तरी तुम्ही फोन केलात, "तुला भीमनगरची लाज वाटते," एवढं म्हणालात आणि कायमचा ठेवून दिलात.

मला लाज वाटत नाही. मला वैताग येतो. या दोन शब्दांतला फरक मराठीच्या मास्तरांना मी समजावून सांगायचा का? अकरावीला ॲडमिशन घेताना क्लार्कनं माझ्या फॉर्मवरचा पत्ता वाचला आणि मान वर न करता म्हणाला, "स्कॉलरशिपची खिडकी तिकडं." मी त्याला लायब्ररी कुठं आहे ते विचारलं होतं. तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याच्याविरुद्ध अर्ज केला असता आणि मला त्याच खिडकीत दोन वर्षं जायचं होतं.

आता तातडीचं. आमच्या फ्लॅटचा करार ३१ मेला संपतो. सोसायटीनं ठराव केलाय की विद्यार्थिनींना ठेवायचं तर प्रत्येकीच्या पालकांचं सहीचं संमतीपत्र हवं. मागच्या वर्षी तुम्ही दिलं होतंत. नमुना सोबत जोडलाय. तिसऱ्या वर्षाला आमची न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनर यार्डात इंटर्नशिप असते. लॉजिस्टिक्सची पोरं त्यासाठीच इथवर येतात. हा कोर्स गंगाखेडला नाही, परभणीला नाही. इथून उठले तर झालेली दोन्ही वर्षं पाण्यात. सही करा. रागारागानं करा, पण करा.

तुमची,
मैत्री
('आज्ञाधारक' हा शब्द या खेपेला लिहीत नाही.)


कामोठे, १५ मे

पप्पा, जय भीम. आज विषय वगैरे काही नाही.

माझं पत्र परत मिळालं. लाल पेन अजून चालतंय म्हणायचं! पोरगी शहरात एकटी, डोक्यावरचं छप्पर जायची वेळ, आणि तुम्ही वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्यात. तळाशी 'नामंजूर'. त्याच्याखाली : 'पत्ता भीमनगर, गंगाखेड. विसरू नये.' संमतीपत्र जसंच्या तसं कोरं. पाकीट फोडल्यावर मी आधी हसले. ईश्वरीला वाटलं सही आली. मग रडले. मग भांडी घासायला घेतली आणि एक कप फोडला. हातातून सुटला नाही, फोडला.

पण नुसतं नामंजूर करून तुमचं भागलं नाही. मागच्या वर्षीच्या कागदावरून सोसायटीच्या अध्यक्षांचा नंबर काढून तुम्ही त्यांना फोन केलात. प्रसादकाका तळमजल्यावर राहतात, तळोज्याला कंपनीत आहेत, गाडी कुणी वाकडी लावली तरी त्यांचा बीपी वाढतो. काल ते वर आले आणि दारातूनच म्हणाले, "हे बघ, आपल्याला टेन्शन नको. तुझ्या पप्पांचा फोन होता. बोलले, माझी परमिशन नाय. आता एकीच्या घरून कंप्लेंट आली म्हणजे उद्या चौघींच्या येणार. एकतीसला रूम खाली करा."

चौघींनी, पप्पा. तुमचा राग माझ्यावर, आणि पिशव्या भरायच्या चार पोरींनी. बाकीच्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या घरून केव्हाच सह्या आल्यात. घरमालकीण सगुणाताई, त्या इथल्या मूळ गावातल्या, बिचाऱ्या म्हणाल्या, "मना काय नाय गो, तुमी चांगल्या पोरी हाव. पन सोसायटी माजा आयकत नाय."

तुम्ही शाळेत आम्हाला शिकवायचात, एकाच्या चुकीची शिक्षा वर्गाला देऊ नये. हे वाक्य तुम्ही वर्गात अजून म्हणता का?

मला इथं काय आवडतं ते तुम्ही विचारलं नाहीत. तरी ऐका. बेलापूरला कॉलेज सुटलं की आम्ही खाडीच्या बाजूनं चालत जातो. एप्रिल-मेपर्यंत तिथं चिखलात फ्लेमिंगो उभे असतात, गुलाबी, शेकड्यांनी, आणि त्यांच्यामागं टॉवर. वासही येतो, खोटं कशाला बोलू. आम्ही कणीस खात बसतो आणि कोणीही "तू कुणाची गं?" असं विचारत नाही. गंगाखेडला मी पाणीपुरी खाल्ली की ती माझ्याआधी घरी पोचायची. इथं मी अख्खी संध्याकाळ फिरले तरी ती माझी असते. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मुलगा मला फक्त 'खिडकीवाली' म्हणतो, कारण मी खिडकीपाशी बसते. मला ते फार आवडतं. खिडकीपाशी बसणं हे मी स्वतः निवडलंय.

आणि एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती सांगून टाकते. व्हिडिओत मी जे बोलले ते अर्धंच खरं होतं. पहिल्या वर्षी खारघरला आमचा फ्लॅट ठरला होता, आठवतं? मी म्हणाले होते, पाण्याचा प्रॉब्लेम निघाला. पाणी छान होतं. एजंटनं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "जोंधळे म्हणजे नक्की कोण?" आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा भाचा राहायला येणार असल्याचं कळलं. मी तिथून कामोठ्यात आले, तोंड रडून सुजलेलं. सगुणाताईंनी नाव विचारायच्या आधी चहा ठेवला. म्हणजे इथंही आहे, सगळं आहे. पण इथं एक दार आपटलं तर चालत जायच्या अंतरावर दुसरं असतं. आमच्या गावात एक आपटलं की सगळ्या गावाला आवाज जातो.

हे सगळं माहीत असून मी त्या व्हिडिओत हसत तसं बोलले, कारण मला ते खरं व्हावंसं वाटतं. तेवढीही मुभा नाही का मला?

मी गंगाखेडला येऊन बी.कॉम. करणार नाही. एकतीस तारखेनंतर कुठं असेन ते मलाच माहीत नाही, त्यामुळे तुम्हाला कळवायचा प्रश्न येत नाही.

मैत्री


कामोठे, २४ मे

पप्पा,

आई परभणीला मावशीकडं गेलेली नाही. ती इथं आहे, माझ्या पलंगावर, पाय पोटाशी घेऊन झोपलीय. मावशीला उगाच फोन करून छळू नका, तिला काहीच माहीत नाही.

बुधवारी पहाटे कळंबोलीच्या पुलाखाली ट्रॅव्हल्समधून उतरली आणि एका रिक्षावाल्याचा फोन मागून मला लावला. "मैत्री, मी आलेय. घाबरू नको, कुनी मेलं न्हाई." ही तिची प्रस्तावना. पिशवीत ठेचा, ज्वारीचं पीठ आणि माझं दुसरं पत्र. तुम्ही दुपारी झोपता, पोस्टमन दुपारी येतो. तुमच्याआधी प्रत्येक पत्र तिनं वाचलंय आणि परत चिकटवून ठेवलंय. डिंक कमी पडला तर भात वापरला.

तिनं मला ते सांगितलं जे तुम्ही सांगितलं नाहीत. पेपर तपासायच्या दिवसांत स्टाफरूममध्ये इंग्रजीच्या पंढरी सरांनी माझा व्हिडिओ मोठ्या आवाजात लावला. सगळ्यांनी ऐकला. मग ते म्हणाले, "जोंधळे सर, लेक तुमच्यापेक्षा हुशार निघाली. तिनं पत्ताच बदलला." सगळे हसले. तुम्ही न खाता डबा उचललात आणि घरी आलात.

पप्पा, हे ऐकल्यावर मी तो व्हिडिओ तुमच्या कानांनी पुन्हा ऐकला. मी हे लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी दगड आहे. बरोबरीचे लोक हायवेकडं प्लॉट घेऊन गेले तेव्हा तुम्ही भीमनगरात घर बांधलंत, दारावर मोठी पाटी लावलीत, कारण सगळेच गेले तर मागच्या पोरांना शिकवणार कोण. संध्याकाळी आपल्या ओट्यावर वीस-पंचवीस पोरं पाढे म्हणायची, ते मी विसरलेले नाही. तो पत्ता तुम्ही मान ताठ करून लिहीत आलात, आणि मी म्हणाले मला पत्ताच नको. लागलं असेल. लागणारच.

पण त्या माणसाला तुम्ही काय उत्तर दिलंत? आई म्हणते, काही नाही. गेल्या शनिवारी तो घरी येऊन चहा पिऊन गेला म्हणे, आणि तुम्ही त्याला बिस्किटंही दिलीत. टोमणा मारला त्यानं आणि ब्लॉक झाले मी! तो स्टाफरूममध्ये खुर्चीत आणि मी सामानासकट रस्त्यावर. त्याच्यासमोर निघाला नाही तो आवाज प्रसादकाकांच्या फोनवर बरा निघाला. तुमच्यासारख्या माणसाला हे शोभत नाही, आणि हे मी मुलगी म्हणून नाही, तुमची विद्यार्थिनी म्हणून लिहितेय.

आता सहीचं ऐका.

गुरुवारी सकाळी आई म्हणाली, "त्या कागदावर काय लिवलंय, वाच बरं."

मी वाचलं. "पालकाची सही."

"मग मी कोन हाव?"

मी कागद पुन्हा वाचला. ईश्वरीनं माझ्या हातातून ओढून वाचला. बाकीच्या दोघी आतून ऐकत होत्या, त्या दारात आल्या. चार शिकलेल्या मुली, त्यातली एक स्वातंत्र्यावर व्हिडिओत बोलणारी, तीन आठवडे एका सहीसाठी रडल्या, भांडल्या, नवी खोली शोधत उन्हात फिरल्या, आणि एकीच्याही डोक्यात आईचं नाव आलं नाही. तिघींनी आणल्या त्याही वडिलांच्याच सह्या. फॉर्म भरायचा म्हटला की आपण बापाकडंच वळतो. तुमच्यावर मी एवढी आग पाखडली, त्यातली थोडी माझ्यासाठी राखून ठेवायला हवी होती.

आई खाली गेली. मी मागं मागं. प्रसादकाका म्हणाले, "मॅडम, वडिलांची लागते. सोसायटीचा रूल आहे."

"कुठं लिवलंय? दावा."

त्यांनी फाइल काढली. ठरावात 'पालक' एवढंच होतं. "ते ठीक आहे, पण मिस्टर बोलले ना, परमिशन नाय म्हणून."

आई म्हणाली, "बापाचीच सही पायजे आसंल तर खोली बापालाच द्या की भाड्यानं. ऱ्हानार तर लेकरू हाय."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. काकांनी डोकं खाजवलं, पंखा वाढवला आणि पेन दिलं. आईनं सावकाश, जोडाक्षर मोडू न देता लिहिलं : उज्ज्वला विलास जोंधळे. 'नाते' या रकान्यात 'आई'. काका म्हणाले, "बरं, एकतीसचं कॅन्सल. पण आवाज नको हां रात्री." त्या दोघी जेवायला आल्या आणि ठेचा खाऊन नाक पुसत माझ्याशी बोलल्या.

करार झाला. मी राहतेय. तुम्हाला कळवणं माझं काम होतं, ते केलं.

मैत्री


कामोठे, ९ जून

पप्पा,

तुम्ही मला अनब्लॉक केलंत, आणि लिहिलंत काय, तर 'आईला पाठव'. दोन शब्द. ती पार्सल आहे का? मी लॉजिस्टिक्स शिकते, कंटेनर कुठून कुठं कसा पाठवायचा ते मला येतं. आईला पाठवायची पद्धत आम्हाला शिकवलेली नाही. तिलाच विचारा.

काल फोनवर विचारलंत तेही मी ऐकलं. 'माझ्या जेवणाचं काय' इथपासून सुरुवात केलीत. ती कशी आहे हे शेवटी, तेही ठेवता ठेवता. आईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "कुकर लावता येत न्हाई म्हनत्यात. हेडमास्तरचा चार्ज सांभाळत्यात आन् कुकर न्हाई?"

ती कशी आहे ते मी सांगते. या शहराच्या प्रेमात पडलीय असं मुळीच समजू नका. कोथिंबिरीचा भाव ऐकून भाजीवालीशी भांडते. शेजारीण दार लावून घेते म्हणून तिला राग येतो. "बोलायचं न्हाई तर दारं कामून बसवलेत, भिंतच घालायची," असं म्हणते. पण एकटी बसमध्ये बसायला शिकली. परवा बेलापूरला निघाली आणि नेरूळला उतरली. तिच्याजवळ फोन नाही, मी घाबरून स्टॉपमागून स्टॉप शोधतेय, तर ही खाडीवर. उशिरापर्यंत राहिलेले थोडे फ्लेमिंगो होते, ते बघत बसलेली. घरी आल्यावर म्हणाली, "एवढी पाखरं, आन् कुनी हाकलंना." मग पीठ मळायला बसली. तिला तेवढंच सांगायचं होतं.

मला वाटलं होतं ती माझ्यासाठी भांडायला आलीय. सही झाली, आता जाईल. मी तिकीटसुद्धा बघत होते. काल भाकरी करता करता ती म्हणाली, "बस, लिही तुझ्या पप्पाला. मी सांगते तसं लिही, तुझं घालू नको त्यात."

म्हणून तिचं तिच्या शब्दांत लिहिते :

"सोळा तारखंला शाळा उघडती. पंढरी मास्तर आसतील, समदेच आसतील. त्यांच्या म्होरं हुबं ऱ्हाऊन म्हना, माझी पोरगी खरं बोलली. पत्ता बघून मानूस वळखायची खोड तुमची हाय, लाज तुमाला वाटाय पायजे. एवढं म्हना. मोठ्यानं म्हना. ज्या दिशी म्हनाल त्या दिशी मी गाडी धरते. घर माझं बी हाय, भीमनगर माझं बी हाय, मला तिथंच यायचंय. पन खाली मान घालून बसलेल्या मानसासंगं मला जेवाय बसायचं न्हाई."

मी विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?"

तिनं भाकरी उलटली. "तर ऱ्हाते की हितंच. सही माझी हाय."

मला ती मस्करी करतेय असं वाटलं. तिच्या तोंडाकडं बघितलं, तर नव्हती करत. पप्पा, तुम्हीही हे मस्करीवारी नेऊ नका. आज सकाळी ती सगुणाताईंना विचारून आलीय, त्यांच्या ओळखीत कुठं डबे करून द्यायचं काम आहे का.

त्या स्टाफरूममध्ये उभं राहणं तुम्हाला किती जड जाईल ते मला कळतं. सगळी नोकरी तुम्ही तिथं चांगला माणूस म्हणून काढलीत. कुणाला उलटून बोलला नाहीत, कुणाला बोलायची संधी दिली नाहीत. त्यांनी ती तरीही घेतली. मी व्हिडिओ काढून टाकायला सांगणार नाही. तुमच्याकडून मला माफीही नको आणि शाबासकीही नको. मी अजून चिडलेली आहे आणि तुम्ही समोर आलात तर बोलेन, कदाचित ओरडेनही.

तुम्हीही ओरडा. माझ्याशी जन्मभर भांडा, मी पुरून उरेन. पण आधी त्याच्याशी भांडा.

मैत्री